विनय आणि विवेक : रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या शिष्यत्वाचा विचार

पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता आंबेगाव तालुक्यातील मंचर आणि जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ओलांडून आळेफाट्याला येतो. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरमार्गे नगरला जाणारा रस्ताही त्याला तेथेच छेदतो. या चौकाच्या एका बाजूस आळे गावात ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदविले अशी कथा आहे त्या रेड्याची समाधी आहे. दुसऱ्या बाजूस ओतूरला मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराच्या देवालयालगत तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध ज्या नाशिकने घडविला आणि उत्तरार्ध ज्या नगरने, त्या दोन शहरांच्या वाटा येथे मिळतात, हा भूगोलाचा योगायोग आहे आणि त्याला त्याहून अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही. टिळकांच्या चरित्राचा या परिसराशी जो खरा संबंध आहे तो प्रवासाचा नसून परंपरेचा आहे. ज्या तुकारामाला टिळकांनी आपला गुरू मानले, त्या तुकारामाच्या गुरूचे स्थान म्हणून जुन्नर तालुक्यातील हे गाव वारकरी ओळखतात.

तुकोबांची गुरुदीक्षा ही आपल्या वाङ्मयातील एक विलक्षण घटना आहे. गुरू भेटतो तो स्वप्नात. स्नानाला निघालेल्या तुकोबांना तो वाटेत गाठतो, मस्तकावर हात ठेवतो, भोजनासाठी पावशेर तूप मागतो, आणि ते द्यायचे तुकोबांच्याकडून राहून जाते. राघव चैतन्य व केशव चैतन्य ही मालिकेची खूण सांगून, स्वतःचे नाव बाबाजी असे सांगून आणि रामकृष्णहरी हा मंत्र देऊन गुरू दिसेनासा होतो. तो दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार होता एवढा तपशील तुकोबा देतात. या प्रसंगात मठ नाही, संस्था नाही, अधिकाराची घासाघीस नाही. गुरूची मागणी पुरी न केल्याची चुटपूट मात्र शिष्याला लागलेली आहे. पुढे बहिणाबाईंनाही तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला. ब्राह्मण स्त्रीने कुणबी वाण्याला गुरू करावे, हे तत्कालीन समाजाला रुचणारे नव्हते. आपल्यापेक्षा ‘खालच्या’ मानलेल्या माणसाकडून शिकण्याची जी परंपरा भागवत धर्माने निर्माण केली, तिचे हे दोन ठळक टप्पे होत. तिसरा टप्पा टिळकांच्या रूपाने विसाव्या शतकाच्या आरंभी दिसतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मात्र तो धर्माच्या सीमेपलीकडे घडल्यामुळे संतवाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याची दखल ओझरतीच घेतली आहे.

तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार वारंवार सांगितले जातात. इतके, की आता त्यांचे एक ठरीव सूत्र होऊन बसले आहे. सेतू म्हटला की तो ओलांडून पलीकडे जायचे आणि मागे वळून पाहायचे नाही, असा अर्थ काहींनी घेतला. तर ज्याला सेतू सापडला त्याला पलीकडे जाण्याची गरजच काय होती, असा प्रश्न इतरांनी केला. दोन्ही पक्ष टिळकांच्या चरित्राकडे न पाहता केवळ प्रतिमेकडे पाहतात. टिळक हे आयुष्यभर शिकत राहिलेले गृहस्थ होते. ते कोणाकोणाकडून काय शिकले, काय घेतले, काय नाकारले आणि कोठे शिकण्यास उशीर केला, हे पाहिल्यास सेतूचा अर्थ आपोआप स्पष्ट होतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव करड्या शिस्तीचे. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. मुलगा अकरा वर्षांच्या आसपास असताना आई वारली. त्यानंतर घराशी असलेला त्याचा धागा जवळजवळ तुटला आणि तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. इंग्रजी शाळेत जेमतेम दोन वर्षे गेली. पदवी नाही, परीक्षा नाही, स्थिर नोकरी नाही. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनूशी विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. विवाहानंतरही टिळकांची भ्रमंती थांबली नाही. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात खिळे जुळवणारा, असे नाना व्यवसाय त्यांनी केले. हे सारे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) अशा काही सहजतेने सांगितले आहे की त्याची पुनरुक्ती करणे धाडसाचे ठरेल.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो नागपूरचा काळ. १८९१ मध्ये टिळक नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास आले आणि संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम करू लागले. धर्मचिंतनाला वाहिलेले ‘ऋषी’ हे मासिकही त्यांनी चालविले. या सुमारास रूढ धर्मातील अनेक गोष्टींवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. जातिभेद, मूर्तिपूजा, पुनर्जन्म यांविषयी त्यांचे मन साशंक झाले होते. ईश्वर एक आहे, तो सगुण म्हणजे व्यक्तिरूप आहे, माणसे त्याची लेकरे आहेत, या निष्कर्षापर्यंत ते स्वतःच्या विचाराने आले होते. येथवर ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कोणत्याही प्रार्थनासमाजी विचारवंतासारखेच दिसतात. वेगळेपण पुढे आहे. आपणच एक नवा धर्म स्थापन करावा, अशी त्यांची मनीषा होती. तीस वर्षांच्या, पोटापाण्याचीही विवंचना असलेल्या या तरुणाला जगाचा गुरू व्हायचे होते. ही आकांक्षा हास्यास्पद नव्हे. त्या काळाच्या हवेत तिला जागा होती. पण टिळकांचे पुढील आयुष्य समजून घ्यायचे तर आरंभबिंदू येथे धरावा लागतो, तुकारामापाशी नाही.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. हे गृहस्थ फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड होते असे मानले जाते. दोघांत संस्कृत काव्याविषयी बोलणे झाले, मग धर्माविषयी. निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली, रोज थोडे वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत अर्थातच पटले नाही. वचन मात्र त्यांनी पाळले. आरंभीचे अध्याय त्यांना कंटाळवाणे वाटले; पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. नव्या धर्मासाठी जी तत्त्वे आपण शोधीत होतो ती येथे आधीच, आणि एका जगलेल्या आयुष्यासह, सिद्ध आहेत, असे त्यांना आढळले. संस्थापक होऊ पाहणाऱ्याला आपण शिष्य व्हायला हवे असे कळणे, ही टिळकांच्या चरित्रातील खरी कलाटणी होय. धर्मांतर हे त्या कलाटणीचे बाह्य रूप.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो देण्यासाठी त्यांनी गोऱ्या मिशनरीऐवजी रेव्हरंड तुकारामजी नथोजी या भारतीय पाळकांची निवड केली. या निवडीला अर्थ आहे. ज्या मिशनने त्यांना जवळ केले त्याविषयी कृतज्ञता होतीच. परंतु ख्रिस्ताचे शिष्यत्व म्हणजे युरोपीय माणसाचे शिष्यत्व नव्हे, हा भेद पहिल्याच दिवशी त्यांच्या मनात स्पष्ट होता. त्याच वर्षी नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांचे निधन झाले. गोऱ्हे हे असाधारण पंडित होते. त्यांचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा ग्रंथ हिंदू दर्शनांच्या तार्किक खंडनाचा आहे. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणाऱ्या बाबा पदमनजींच्या गद्यातही जुन्या समाजाच्या दोषांकडे बोट दाखविणारा सुधारक ठळक आहे. ही पिढी ज्या घरातून निघाली होती त्या घराचे दार लावून घेणे तिला अपरिहार्य वाटत असावे. टिळक पुढच्या पिढीचे होते. खंडनाची गरज त्यांना उरली नव्हती, आणि वादात जिंकण्याने काय साधते याचा अनुभव त्यांनी नागपुरात पुरेसा घेतला होता.

तथापि या बाप्तिस्म्याची एक बाजू टिळकांच्या गौरवचरित्रांत झाकली जाते. तो त्यांनी पत्नीला विश्वासात न घेता घेतला. लक्ष्मीबाईंवर त्या वार्तेचा जो आघात झाला, त्यापुढे तत्त्वचिंतन फिके पडते. लहानगा दत्तू कडेवर, नातलगांचा आधार, नाशिक-पंढरपूरच्या फेऱ्या, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशी सुमारे पाच वर्षे त्यांनी काढली. टिळकांना रेल्वेत भेटलेल्या अनोळखी माणसाकडून शिकता आले, तुकारामाकडून शिकता आले. पण घरात शेजारी बसलेल्या माणसाकडून शिकायला त्यांना बराच अवधी लागला, असे येथे म्हणणे भाग आहे. ते तापट होते, विसराळू होते, आपल्या विचाराच्या ओघात दुसऱ्याचे दुःख त्यांच्या ध्यानी येत नसे. लक्ष्मीबाईंनी हे कधी लपविले नाही, आणि त्यावरून त्यांचे प्रेमही कमी झाले नाही.

पुढचा भाग टिळकांच्या बाजूने सांगायला हवा. लक्ष्मीबाई नगरला आल्यावर त्यांच्या सोवळ्याओवळ्याची व्यवस्था टिळकांनी राखली. धर्मांतरासाठी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जात ही देवाने नव्हे, माणसाने केली, हे लक्ष्मीबाईंना उमगले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्या विचाराचा परिणाम होता. दुसऱ्याला शिकविण्याची घाई न करणे हीसुद्धा विनयाचीच एक रीत आहे, आणि ती टिळक बहुधा पाच वर्षांच्या त्या विरहातच शिकले.

नगर हे त्या काळी अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र होते. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये तेथूनच निघाले. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखा उदार दृष्टीचा धर्मोपदेशक तेथे होता. टिळकांनी तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. विद्यार्थी बहुतांशी महार-मांग समाजांतून आलेले. वेदविद्येच्या वातावरणात वाढलेल्या चित्पावनाने त्यांना शिकवावे यात नवल मानले गेले. पण प्रश्न शिकविण्याचा नव्हता, शिकण्याचा होता. नगर जिल्ह्यातील ग्रामीण ख्रिस्ती समाजापाशी टिळक येण्यापूर्वीच काही गोष्टी होत्या. त्यांतील एक म्हणजे ख्रिस्ती कीर्तन. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी देशी चालींवर उपासनागीते रचली होती, आणि कीर्तनाच्या द्वारे ख्रिस्तकथा सांगण्याची रीत पाडली होती. ख्रिस्ती धर्माला मराठी वेश टिळकांनी चढविला, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धसत्य आहे. वेश आधीच बेतला गेला होता, आणि बेतणाऱ्यांत ज्यांना साहित्याच्या इतिहासात स्थान मिळाले नाही असे कवी होते. टिळकांचे मोठेपण असे की त्यांनी ती रीत ग्राम्य म्हणून टाकली नाही. ती उचलली, तिला आपली प्रतिभा दिली, आणि कीर्तनाला स्वतः उभे राहिले. संस्कृताच्या पंडिताला हे उलटे शिक्षण होते. आळ्याच्या रेड्याची कथा येथे आठवते. पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्या कथेतून चमत्कार तेवढा घेतला. वेद कोणाच्या मुखातून यावा हे आपण ठरवायचे नसते, हा तिचा दुसरा अर्थ घेणारे फार थोडे निघाले.

दुष्काळाच्या आणि प्लेगच्या त्या वर्षांत टिळकांच्या घरात अनाथ मुलांचा राबता असे. संसाराचा जमाखर्च कधीच जुळला नाही. या संदर्भात ते मिशनऱ्यांकडून काय शिकले हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे : रोग्याजवळ बसणे, अनाथाला घरी आणणे, वर्तमानपत्र वेळेवर काढणे, संस्था नावाच्या गोष्टीला चिवटपणे धरून राहणे. या गोष्टी त्यांच्या मूळच्या स्वभावात नव्हत्या. जे त्यांनी घेतले नाही तेही तितकेच स्पष्ट आहे. इंग्रजी स्तोत्रांची त्याच छंदांत केलेली भाषांतरे त्यांना मानवेनात. भारतीय मंडळीने परक्यांच्या देखरेखीखाली कायमचे अज्ञान राहावे, हेही त्यांना मान्य नव्हते. मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत, पण दुरावा टिकत नसे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे तुकारामाकडे येऊ. टिळकांच्या वेळी तुकाराम सुशिक्षितांच्या हाती नव्यानेच आला होता. मुंबई सरकारच्या साहाय्याने गाथेची विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांची आवृत्ती १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. प्रार्थना समाजाच्या उपासनेत तुकारामाचे अभंग गाइले जात. पुढे नेल्सन फ्रेझर आणि का. बा. मराठे यांचे इंग्रजी भाषांतर झाले. म्हणजे तुकारामाचा आदर करणे ही टिळकांची एकट्याची गोष्ट नव्हती. मिशनऱ्यांतही तुकारामाचे वाचक होते. परंतु बहुतेक मिशनऱ्यांच्या लेखी तुकाराम हा पुरावा होता. हिंदू मनालाही एका दयाळू ईश्वराची भूक आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याचे अभंग उद्धृत करावयाचे. ह्यूम यांनी १९११ मध्ये व फार्कर यांनी १९१३ मध्ये जी पूर्ततेची मीमांसा मांडली, ती यापेक्षा कितीतरी सहृदय होती. तरी तिच्यातही तुकाराम परीक्षेला बसलेला दिसतो आणि परीक्षक दुसरा कोणी आहे.

टिळकांचे तसे नव्हते. ख्रिस्ती झाल्यावर ते तुकारामाकडे परतले ते विद्यार्थी म्हणून. हा क्रम ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बाप्तिस्म्यापूर्वीच्या टिळकांची काव्यदृष्टी संस्कृत वृत्तांवर पोसलेली होती. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ यांसारख्या त्यांच्या प्रसिद्ध रचनांचा आणि निसर्गकवितांचा बाज संतांचा नाही. पंडिती परंपरेतून आलेल्या आणि आधुनिक कवितेच्या पहिल्या फळीत मान्यता पावलेल्या या कवीने उत्तरायुष्यात अभंगाकडे यावे, हे त्याच्या काव्यविकासाच्या दृष्टीने मागे येणे वाटण्याचा संभव होता, आणि काहींना ते वाटलेही. अभंग हा छंद कोणाला सोपा वाटतो, आणि त्यातच फसगत आहे. तेथे अलंकार मदतीला येत नाहीत. बोलणारा माणूस खरा नसेल तर तिसऱ्या चरणात उघडा पडतो.

तुकारामाकडून टिळकांनी घेतले ते प्रथम हे बोलणे : देवाशी भांडणे, रुसणे, आपले न्यून त्याच्यापुढे उघडे करणे. पाश्चात्त्य स्तोत्रात भक्त मंडळीच्या वतीने बोलतो. अभंगात तो एकटा आणि नावानिशी उभा असतो. दुसरी गोष्ट गुरुमाउलीची. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणे इंग्रजी धर्मभाषेला अवघडच गेले असते; मराठीत ती हाक संतांनी तयार ठेवली होती. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तुकोबा स्वतःच्या अधिकाराविषयी सतत साशंक आहेत; बोलविता धनी वेगळा आहे, ही त्यांची जाणीव आहे. नवा धर्म काढायला निघालेल्या माणसाला या जाणिवेची सर्वांत अधिक गरज होती.

आणि जे घेतले नाही? पुनर्जन्माची कल्पना टिळकांनी पुन्हा स्वीकारली नाही. विठ्ठलमूर्तीभोवती जी भक्ती फुलली तिचा गोडवा त्यांना मान्य होता, पण मूर्तीकडे ते परतले नाहीत. संतांच्या काव्यातील जो अद्वैताचा पदर भक्ताला देवात विरघळवून टाकतो, त्यापेक्षा देव आणि भक्त यांचे दोनपण राखणारा पदर त्यांनी निवडला. सर्व धर्म एकच, असे म्हणून प्रश्न मिटविण्याचा मार्ग त्यांच्यासमोर होता. तो त्यांनी घेतला नाही. आपल्या पूर्वजांच्या संतवाणीला त्यांनी मराठी ख्रिस्तजनांचा जुना करार मानले. या कल्पनेची मर्यादा उघड आहे. वारकऱ्याच्या दृष्टीने गाथा ही कोणत्याही नव्या कराराची प्रस्तावना नव्हे, ती स्वयंपूर्ण आहे. तिला पूर्वार्ध ठरविण्याचा अधिकार टिळकांना कोणी दिला, हा प्रश्न आजचा वाचक करील आणि तो रास्त आहे. परंतु दुसरीकडे हेही खरे की जुना करार ख्रिस्ती माणूस रोज वाचतो. ज्याला पुरावा मानले तो एकदा सादर करून बाजूला ठेवता येतो. ज्याला शास्त्र मानले ते बाजूला ठेवता येत नाही. पूर्वजांना न सोडता आणि स्वतःच्या निष्ठेशी प्रतारणा न करता जी जागा काढता येणे शक्य होते, ती टिळकांनी काढली. ‘अभंगांजली’ वाचताना त्या जागेचा ताण जाणवतो. काही अभंगांत सिद्धान्त छंदात बसविलेला दिसतो, तेथे तुकाराम दूर राहतो. जेथे टिळक आपल्या रागाविषयी, अहंकाराविषयी, थकव्याविषयी बोलतात तेथे मात्र ऋण फिटल्यासारखे वाटते.

धाकट्यांकडून शिकण्याचे उदाहरण बालकवींचे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी ऐकणाऱ्यांना थक्क केले. टिळकांनी या मुलाला पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. त्याच्यावर ख्रिस्ती धर्माचा आग्रह लादला गेला नाही. तो ख्रिस्ती झालाही नाही. टिळकांच्या घरात तो मुलगा म्हणून राहिला, रुसला, भांडला. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या अपघातात तो गेला. टिळकांच्या निसर्गकवितेचा बालकवींवर परिणाम झाला असे म्हणतात. आपल्याहून मोठी प्रतिभा घरात वाढते आहे हे ओळखून तिला वाट देणारा कवी मराठीत दुर्मीळ आहे, एवढे येथे नोंदवितो.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा हा बंधुसंघ बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही खुला होता. बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचा अनुयायी होता येते, असे मंडळीच्या एका दीक्षित पाळकाने म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती. लक्ष्मीबाईंच्या पाच वर्षांची आठवण या निर्णयामागे असावी, असा तर्क करण्याचा मोह होतो. विधी आधी की अंतःकरणातील बदल आधी, याचे उत्तर त्यांना स्वतःच्या घरात मिळाले होते.

दरबाराविषयी मतभेदाला जागा आहे. नागपूरचा धर्मसंस्थापक येथे पुन्हा डोके वर काढतो आहे काय? दरबार हा शब्दच वैभवाचा. आणि टिळकांभोवती शिष्यमंडळ जमू लागले होते हे खरे. तुकारामाने मठ बांधला नाही. टिळकांनी संघ काढला. पण दरबार देवाचा होता, आणि त्यात टिळकांना मिळालेला काळ दोन वर्षांचाही नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. दरबार त्यांच्यामागे फार काळ तग धरू शकला नाही. गुरुपदाचा मोह त्यांना पुरता सुटला होता असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. तो आपल्याला सुटलेला नाही हे त्यांना ठाऊक होते, असे मात्र त्यांच्या अखेरच्या अभंगांवरून वाटते.

टिळकांमागे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राची वाट १६१६ मध्ये फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने घालून दिली होती. परदेशातून आलेल्या त्या जेझुइटाने मराठीची थोरवी ज्या नम्रतेने गाइली तिला तोड नाही. टिळकांच्या हातून ‘ख्रिस्तायना’चे दहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या धर्मांतराने एके काळी वेडीपिशी झालेल्या या बाईने त्याचे काम त्याच्याहून सहापट लांबीने पुरे करीत आणले.

टिळकांकडून शिकणारेही निघाले, आणि त्यांत गोरे लोक होते. निकोल मॅकनिकल यांनी टिळकांची गीते इंग्रजीत नेली आणि १९१९ मध्ये मराठी संतांच्या निवडक रचनांचा अनुवाद प्रसिद्ध केला. नगरला काम केलेल्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, तेव्हा आश्रमजीवनाची आणि देशी उपासनेची ही कल्पना टिळकांच्या सहवासाला किती ऋणी आहे हे त्यांनी मान्य केले. पुढच्याच वर्षी त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. आणि जस्टिन ॲबट. टिळक ख्रिस्ती झाले त्या दिवसांत मुंबईत त्यांना आधार देणाऱ्यांत हे अमेरिकन मिशनरी होते. मिशनमधून निवृत्त झाल्यावर मायदेशी परतून त्यांनी उरलेले आयुष्य मराठी संतकवींच्या भाषांतराला दिले. १९२६ पासून ही ग्रंथमाला निघू लागली. १९२९ मध्ये बहिणाबाईंचे आत्मचरित्र व अभंग आणि १९३० मध्ये महिपतीने लिहिलेले तुकारामचरित्र त्यांनी इंग्रजीत आणले. बहिणाबाईंच्या अभंगात जी गुरुपरंपरा आहे ती आदिनाथापासून निघून ज्ञानेश्वरांवरून राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी चैतन्य आणि तुकाराम यांच्यापर्यंत येते. अमेरिकेत बसून म्हाताऱ्या ॲबटसाहेबांनी ती नावे एकेक करून रोमन लिपीत उतरविली. त्यांतल्या बाबाजींची समाधी ओतूरला आहे, आणि श्रावणातल्या सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला येणारी माणसे आजही तेथे दर्शन घेतात.